सणाच्या टेबलावरचा डबा

सलोमीने पत्र्याचा छोटा डबा भोपळा आणि बाजरीच्या कणसांच्या मधे ठेवला, झाकण काढलं आणि मंडळीकडे तोंड करून म्हणाली, "हे माझं पीक. वर्षभर रोज दोन वेळा मी हे गिळत होते. आता नको. प्रभूने मला बरं केलंय."

मी पहिल्याच बाकावर होते. डब्यात काय आहे ते मला बसल्या जागी कळलं. पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मागे निळी अक्षरं. तसल्याच पट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीमागे असायच्या, आणि त्यातली एक गोळी त्याच सकाळी चहाबरोबर मी माझ्या नवऱ्याच्या हातावर ठेवली होती. माझा नवरा म्हणजे त्या टेबलामागे पांढरा झगा घालून उभे असलेले पाळक.

आमच्याकडे कापणीच्या सणाला माणसं घरचं पीक चर्चमध्ये आणतात. बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, असेल ते. ज्याच्यावर त्या वर्षी काही खास कृपा झाली असेल तो उभा राहून साक्ष देतो. मग पाळक टेबलावर हात पसरून अर्पणाची प्रार्थना करतात. ती झाली की टेबलावरचं सगळं देवाचं. मग बाहेर चिंचेखाली लिलाव होतो तो वेगळा, पण देणाऱ्याने आपली वस्तू परत न्यायची नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

सलोमी मकासरे माझ्याबरोबर मिशनच्या शाळेत शिकवायची. दुसरीचा वर्ग. पंचवीस वर्षांची, राहेलबाईंची एकुलती एक. त्याच्या आदल्या वर्षी ती आठ-आठ दिवस झोपेना, रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शास्त्र सांगायला लागली, आणि मग एकदम अशी खाली बसली की तोंड धुवायलाही उठेना. राहेलबाई विधवा, महिला मंडळाच्या पुढारी, करारी बाई. पोरीला नगरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि पोरगी माणसात आली. खरं सांगायचं तर गोळ्यांनी आली. पण राहेलबाईंनी त्याच वर्षात चाळीस शुक्रवार उपास केले होते. श्रेय कोणाला द्यायचं ते त्यांनी ठरवून टाकलं.

प्रार्थनेआधी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. ओठ उघडले होते, आणि पुढचं वाक्य प्रार्थनेचं नाही हे मला कळलं. मी मान हलवली. नाही म्हणून. एवढीशीच हलवली, शेजारच्या बाईलाही कळली नसेल. मग ह्यांनी हात पसरले आणि भोपळ्याबरोबर, कोंबडीबरोबर त्या गोळ्याही देवाला देऊन टाकल्या. मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली. मीही म्हणाले.

लिलावात तो डबा कोण घेणार? दुशिंग नावाचे आमच्या चर्चचे ज्येष्ठ पंच लिलाव पुकारायचे, त्यांनी तो पायाने बाजूला सारला. मी पदराखाली घालून घरी आणला.

घरी आल्यावर ह्यांनी झगाही काढला नाही. खुर्चीत बसले.

"एस्तर, मी राहेलबाईंकडे जाऊन येतो."

"कशाला?"

"सांगायला. सात वर्षं मीही तेच घेतोय म्हणून."

"सांगा," मी म्हणाले. "आणि येताना टेम्पो ठरवून या. बिऱ्हाड लादायला."

"पोरगी आजारी पडेल गं."

"तिला सांभाळायला तिची आई आहे, डॉक्टर आहे. तुम्हाला सांभाळायला कोण आहे? मीच ना?"

मी असं बोलले. शब्द न् शब्द आठवतो. माझी जीभ तेव्हाही अशीच होती, आणि ती वापरायची कुठे हे मला कळत नव्हतं.

ह्यांचं दुखणं आमच्या पहिल्या गावच्या मंडळीत सुरू झालं. एका सोमवारी सकाळी उठले नाहीत. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून चार महिने. मी गावाला टायफॉइड सांगितला. मग उलटला म्हणून सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरकडे नेलं ते पोटासाठी म्हणून सांगितलं. तेव्हापासून गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव मी नखाने खरवडून काढायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मी काही उगाच भीत नव्हते. शेजारच्या गावचा एक पाळक असाच आजारी पडला तेव्हा ह्याच दुशिंगांनी आमच्या ओट्यावर बसून, माझ्या हातचा चहा पीत म्हटलं होतं, "ज्याचं डोकंच ठिकाणावर नाही त्याच्या हातून प्रभुभोजनाची भाकर कशी घ्यायची, बाई?" मी म्हणाले होते, "खरंय, भाऊ." आत कॉटवर हे ऐकत होते.

तरी माझ्या मनाला चैन पडेना. सोमवारी शाळा सुटल्यावर मी डबा पिशवीत टाकून राहेलबाईंच्या घरी गेले. सलोमी ओटा सारवत होती, तोंडाने गाणं चालू. मला पाहून हसली. इतकी छान हसली की मला बरंच वाटलं.

"राहेलबाई," मी म्हणाले, "साक्ष दिली ते चांगलं झालं. पण गोळ्या एकदम तोडू नयेत म्हणतात. डॉक्टरला विचारून हळूहळू."

राहेलबाईंनी डब्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "हे तुम्ही उचलून आणलंत?"

"वाया जाईल म्हणून."

"बाई, देवाला दिलेलं मागे घेतलं म्हणून जागच्या जागी मेलेली माणसं शास्त्रात आहेत. तुम्ही पाळकाच्या घरातल्या, मी तुम्हाला काय सांगू? साहेबांनी स्वतः हात पसरून प्रार्थना केली. त्यांना वाटलं असतं काही चूक होतंय तर बोलले नसते?"

 ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते जिभेवर आलं आणि मी ते गिळून टाकलं.

"बोलले असते," मी म्हणाले. डबा परत पिशवीत घातला आणि घरी आले.

पहिला आठवडा सलोमी आनंदात होती. जास्तच. शाळेत मुलांना मधल्या सुट्टीतही सोडायची नाही, गाणी म्हणून घ्यायची. पहाटे उठून चर्चच्या पायऱ्या धुऊन काढायची. मंडळी कौतुक करत होती. फक्त आमच्या घरात कोणी जेवत नव्हतं नीट. हे रोज विचारायचे, "आज कशी होती?" मी म्हणायची, "बरी होती." एक दिवस म्हणाले, "झोपते का ती?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" माहीत होतं मला. तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

दहाव्या दिवशी ती शाळेत आली नाही. अकराव्या दिवशीही नाही. बाराव्या दिवशी वर्गातली मुलं घेऊन मी तिच्या घरी गेले, तर राहेलबाईंनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, पोरगी आतल्या खोलीत आहे, कडी लावून घेतलीय, देवाने मला टाकलंय एवढंच म्हणते. "सैतान खवळलाय, बाई. साक्ष दिली ना, म्हणून. तीन दिवसांचा उपास धरलाय आम्ही बायकांनी. शनिवारी दुपारी सुटेल. साहेबांना उद्या शुक्रवारी पाठवा, तेलाने अभिषेक करून प्रार्थना करायला."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी कपाटातून तेलाची बाटली काढली, पुसली, टेबलावर ठेवली. मग हे बसले आणि रडले. माझ्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, त्या चार महिन्यांतही हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता.

"मला तिथे सैतान घालवायला बोलावलंय," हे म्हणाले. "कुठला सैतान? मला माहीत आहे ना तिथे काय आहे ते. मी राहून आलोय तिथे."

"सांगा मग," मी म्हणाले. "उद्या सांगा. जाऊ दे गाव."

बारा दिवस लागले मला हे म्हणायला.

शुक्रवारी दुपारी दोघं गेलो. माजघरात सतरंजीवर राहेलबाई आणि महिला मंडळाच्या चार बायका बसल्या होत्या. उपासाने तोंडं सुकलेली. आतल्या खोलीचं दार बंद. हे सतरंजीवर बसले, तेलाची बाटली पुढ्यात ठेवली, पण उघडली नाही.

"राहेलबाई, प्रार्थनेआधी मला काही सांगायचंय. सलोमी घेत होती त्याच गोळ्या मी घेतो. सात वर्षं. मला तिच्यासारखंच दुखणं आहे. तिला सैतान लागलेला नाही. तिचं औषध तुटलंय. आत्ताच्या आत्ता तिला नगरला न्यायला हवं. जीप मी सांगतो."

 बाहेर कोंबड्या चरत होत्या त्यांचा आवाज येत होता.

"सात वर्षं," राहेलबाई म्हणाल्या.

"हो."

"त्या रविवारीपण घेतली होती?"

"हो. सकाळी. चहाबरोबर."

"आणि मग टेबलामागे उभे राहिलात."

"हो."

राहेलबाई रडल्या-ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात विचारत होत्या, चौकशी केल्यासारख्या. "माझ्या पोरीचा डबा तुम्ही देवाला दिलात. मग तुमचा का नाही ठेवला तिच्या शेजारी?"

 मी म्हणाले, "मी नको म्हटलं. हे बोलणार होते. मी मान हलवली."

"सोमवारी डबा घेऊन आलात तेव्हापण ठाऊक होतं तुम्हाला."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, चूक असती तर साहेब बोलले नसते का म्हणून."

"हो. विचारलं होतंत."

"त्या रविवारी बोलला असतात ना," राहेलबाई ह्यांच्याकडे वळल्या, "तर त्याच पावली मी डबा उचलून पोरीच्या हातात दिला असता. माझा पाळक घेतो तर माझ्या पोरीला कसली लाज? पण आता? आता तुमचं काय ऐकू मी? तेव्हा खोटं की आज खोटं, कसं ओळखू? उपास उद्या दुपारी सुटतो. तोवर देवाचं बघते. तुम्ही जा."

"राहेलबाई, पाया पडतो तुमच्या. उद्यापर्यंत थांबू नका."

"जा म्हटलं ना."

तेवढ्यात आतून, दाराला तोंड लावल्यासारखा, सलोमीचा आवाज आला. "साहेब."

हे सतरंजीवरून उठून दाराशी गेले आणि तिथेच जमिनीवर बसले. "बोल, बाळ."

"ते खरंय?"

"खरंय."

"गोळी घेतल्यावर तुम्हाला प्रार्थना करता येते?"

ह्यांनी दाराला डोकं टेकवलं. मग म्हणाले, "नाही येत. पहिली दोन वर्षं अजिबात नाही आली. आतून काही उठतच नाही. रडूही येत नाही, आनंदही होत नाही."

"मला वाटलं माझंच आहे तसं," सलोमी म्हणाली. "म्हणून सोडल्या मी. आई म्हणते बरी झाले म्हणून सोडल्या. तसं नव्हतं. मला प्रार्थना येईना. मला वाटलं गोळ्या टाकल्या की येईल. आठ दिवस आलीसुद्धा. मग सगळंच गेलं."

"येतं ते परत. हळूहळू, थोडं थोडं येतं."

"तोवर काय करता तुम्ही?"

"दुसऱ्यांच्या प्रार्थना म्हणतो. जुन्या, पुस्तकातल्या. माझं मन त्यात नसतं. नुसती म्हणतो. तुझ्या बापाला माती दिली तेव्हाही तसंच केलं. तू रडून बेभान होतीस, तुला आठवत नसेल."

"आठवतं," सलोमी म्हणाली. "छान केली होती."

कडी वाजली. दार थोडं उघडलं. केस विस्कटलेले, ओठ फुटलेले, आणि तो चेहरा मी ओळखत होते, कारण चार महिने मी त्याच चेहऱ्याला भाकरी भरवत होते. ती आईकडे न बघता ह्यांना म्हणाली, "मी येते नगरला."

"कुठं जायचं नाही," राहेलबाई उठल्या. "उद्या उपास सुटेल, मग मी स्वतः नेईन. ह्यांच्याबरोबर नाही. ह्यांच्याबरोबर माझी पोरगी एक पाऊल टाकणार नाही."

"आई, आज जाऊ ना."

"एक रात्र, बाळा. देवासाठी एक रात्र थांब."

मी मधे पडायला हवं होतं. पोरीला हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं, बायका काय करणार होत्या मला? पण बारा दिवस खोटं बोललेल्या बाईला कोणाच्या पोरीच्या दंडाला हात घालायची हिंमत होत नाही. हे दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. मग राहेलबाईंनी तेलाची बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि दार दाखवलं.

सलोमी दारापर्यंत आली. "उद्या येते, साहेब," म्हणाली.

हे त्या रात्री जीपवाल्याकडे जाऊन सांगून आले, शनिवारी दुपारी बाराला दारात गाडी पाहिजे म्हणून. गाडी आली. बाराच्या आत आली. पण सलोमी त्याआधीच गेली होती. कशी ते मी सांगणार नाही. गावात ते सांगणारे खूप झाले.

दुशिंग संध्याकाळी आले. असं मरण आलेल्याला चर्चचा विधी द्यायचा का, ह्यावर पंचांचं बोलणं झालं होतं. कडेच्या कोपऱ्यात, विधीशिवाय माती द्यावी असं ठरत होतं. ते बोलत असतानाच राहेलबाई आमच्या ओट्यावर आल्या. कोणी हाताला धरलेलं नव्हतं, एकट्या चालत आल्या होत्या.

"बापाशेजारी खड्डा काढा," त्या दुशिंगांना म्हणाल्या. "आणि विधी साहेबच करतील."

दुशिंग म्हणाले, "राहेलबाई, साहेबांबद्दल बायका काही सांगतायत..."

"खरं सांगतायत. तरी हेच करतील."

रविवारी भक्तीनंतर सगळी मंडळी स्मशानभूमीत होती. पेटी खाली सोडली. ह्यांनी पुस्तक उघडलं, तर राहेलबाई म्हणाल्या, "थांबा. आधी साक्ष होऊ दे."

मंडळीला कळेना. राहेलबाई माझ्याकडे बघत होत्या.

"बाई, तुम्ही द्या. माझ्या माजघरात पाच जणींना सांगितलंत, ते ह्या सगळ्यांना सांगा."

मी उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या, आपली कधी दिली नव्हती. मी सगळं सांगितलं. टायफॉइड सांगितला, पट्ट्यांवरचं नाव खरवडायची ते सांगितलं, मान हलवली ते सांगितलं, सोमवारी डबा पिशवीतून नेला आणि पिशवीतून परत आणला ते सांगितलं. शेवटी काय म्हणायचं ते सुचेना. साक्षीच्या शेवटी देवाची स्तुती करायची असते. मी म्हणाले, "सलोमीला मी वाचवू शकत होते," आणि खाली बसले.

राहेलबाईंनी मूठभर माती घेतली. "आता वाचा, साहेब," म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मी घर आवरायला घेतलं. भांडी पोत्यात भरली, पुस्तकं खोक्यात. कोणी काही म्हणायच्या आधीच आपण निघालेलं बरं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी ह्यांना म्हणाले, दुसऱ्या पाळकांना बोलवा, तुमच्या हातून कोणी घेणार नाही, शोभा होईल. हे म्हणाले, "होऊ दे."

मी मागच्या बाकावर बसले. ह्यांनी भाकर मोडली आणि वाट पाहत उभे राहिले. पहिल्या बाकावरचे उठले. मग दुसऱ्या. रोजच्यासारखे, ओळीने, लहान मुलांना बाजूला बसवून. दुशिंग तिसऱ्या बाकावरून गेले, ओंजळ पुढे केली, घेतलं, परत येऊन जागेवर बसले. राहेलबाई गेल्या. एकही माणूस बाकावर बसून राहिला नाही.

जाताना दारात दुशिंग थांबले. "बाई, साहेबांना जपा," म्हणाले. "माझा थोरला भाऊ असाच होता. आम्ही कोणाला सांगितलं नाही कधी." आणि टोपी घालून गेले.

घरी येऊन मी पोती सोडली, भांडी जागच्या जागी लावली. कोणी आम्हाला जा म्हणालं नाही. त्या गावात आम्ही अजून नऊ वर्षं राहिलो.